टेबल क्रमांक तीन

शारजात, रोला चौकाच्या मागच्या गल्लीत
एका बाजूला इस्त्रीवाला, एका बाजूला करकवाला,
मधे आमचं टायपिंग सेंटर.
सतरा वर्षं मी इथे लोकांची आयुष्यं टाइप करतो:
नाव पासपोर्टप्रमाणे, धर्म, पगार,
आधीचा व्हिसा का रद्द झाला.

या कामाची एक रीत आहे.
गिऱ्हाईक उठलं की त्याचा कागद पालथा घालायचा.
चुकलेली प्रिंट फाडून दोन वेगळ्या डब्यांत टाकायची.
रस्त्यात भेटलं तर ओळख द्यायची, काम विचारायचं नाही.
मालक कुन्हाली पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला होता,
बोटांना ठाऊक असू दे, तोंडाला नको.

ब्राउझर मीच निवडला.
उघडला की पहिल्या पानावर एक ओळ यायची:
तुमची माहिती आम्ही विकत नाही. विकणारही नाही.
त्या ‘विकणारही’मधला ‘ही’ मला आवडला.
आमच्याकडे शब्द देणारी माणसं
असाच ‘ही’ लावतात.
तिन्ही टेबलांवर टाकला, कुन्हालीच्या फोनवर टाकला,
इस्त्रीवाल्या तस्लीमच्यासुद्धा,
जणू मीच तो घडवला होता.

मार्चमध्ये अपडेट आलं.
ती ओळ गेली होती.
तिच्या जागी अकरा पानं
आणि तळाशी निळं बटण: समजलं.
रांगेत नऊ माणसं.
मी दाबलं.

सकीना वाडकर, दाभोळची, अजमानच्या एका व्हिलात कामाला.
गुरुवारी दुपारी आली, हातात मॅडमच्या पोराचा शाळेचा डबा.
पाच महिन्यांचा पगार अडकलेला.
पासपोर्ट कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.
भाऊ, हे इथंच राहील ना?
मी खाजगी खिडकी उघडली,
तीच, मिटलेल्या डोळ्याचं चित्र असलेली.
तक्रार टाइप केली.
प्रत्येक आकडा तिने दोनदा वाचून घेतला.
मग तिच्यादेखत खिडकी बंद केली
आणि म्हणालो, गेलं.

सोमवारी तिच्याच धन्याचा मंदूब आला,
ड्रायव्हरचा व्हिसा वाढवायला.
गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला एक स्क्रीन आहे आमच्याकडे,
स्पेलिंग तपासायला.
मी फॉर्म उघडला. कडेचा चौकोन उजळला:
घरकामगारांचा थकलेला पगार?
अजमानमध्ये वकील. पहिला सल्ला मोफत.

अजमान.
मी शारजात बसतो.

मंदूब नखं बघत होता. मग स्क्रीन. मग मला.
स्पेलिंग बरोबर आहे, म्हणाला.
त्याने वाचलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.
सकीनाचा फोन लागत नाही.
बॅलन्स संपला असेल.
नंबर बदलला असेल, बदलतात पोरी.

कुंपण शेत खातं, हे शाळेत पाठ केलं होतं.
पण ते कुंपण दुसऱ्या कुणी घातलेलं असतं,
असं मी धरून चाललो होतो.
हे मीच रोवलं,
आणि येईल त्याला म्हटलं, टेका, पक्कं आहे.

रात्री शटर अर्धं ओढून
तिसऱ्या टेबलावर दुसरा ब्राउझर उतरवला.
करकवर साय धरली तेवढ्यात.
नवा आला. पांढराशुभ्र, गोड बोलणारा.
आणि आल्याआल्या विचारतो,
जुन्यातून सगळं आणू का?
पासवर्ड, भरलेले फॉर्म, इतिहास?
दोन बटणं होती: हो. नंतर.
‘नको’ मी खूप शोधलं.

शटरखालून तस्लीम वाकून आत आला,
इस्त्रीची ऊब अंगावर घेऊन.
भाई, नया डाला? अच्छा है?
मेरे में भी डाल दो ना.

त्याने फोन उघडून माझ्या हातात दिला.
त्याच्या मुलीचा फोटो, दात पडलेला.
काय बोलावं कळेना.
मी तो घेतला
आणि टेबलावर पालथा घातला.