सात कार्डं

दुसऱ्या मंगळवारी आमच्यातली एकच जाते घाटंजीला.
बाकी सहाजणी तिची पात ओढून घेतात.
संध्याकाळी मालक माणसं मोजतो
आणि सातच म्हणतो,
कारण पाती सात झालेल्या असतात.

गोळ्या फुकट आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर
निळ्या रंगात तसं लिहिलंय.
त्या फुकटाचा हिशेब पंचफुलानं मांडला,
बांधावर बसून, काडीनं, मातीत :
जायचं अर्धं तिकीट, यायचं अर्धं तिकीट,
बुडालेला रोज,
लाइनीत उभं राहून पाय वळले की एक चहा,
आणि साहेब मीटिंगला गेला असेल
तर उद्या पुन्हा हेच सगळं.
सातानं गुणलं, काडी फेकली, म्हणाली,
"फुकट लय महाग पडते वो बाई."

त्याआधी आम्ही आपापल्या परीनं वाचवत होतो.
मी दिवसाआड घ्यायची.
बेबी फक्त भोवळ आली की,
आणि भोवळ आली की तिला डबी सापडायची नाही.
शमीमनं तर उन्हाळाभर बंदच केली,
म्हणे उन्हानं रक्त पातळ होते.

आता सोमवारी रात्री जिजा आत्राम येते,
समाजमंदिराच्या ओट्यावर एकेकीच्या दंडाला पट्टा बांधते.
शमीमच्या दंडाला तो दोनदा फिरतो.
आकडे चिठ्ठीवर, चिठ्ठी कार्डात,
कार्डं खताच्या गोणीतून शिवलेल्या थैलीत.

खिडकीतला नवा पोरगा पहिल्यांदा अडला.
"पेशंट स्वतः पाहिजे."
पंचफुला म्हणाली, "पेशंट वावरात हाये, बाबू.
चाल, तासातासानं मोजून घे."
त्यानं चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या,
आकड्याखाली जिजाची सही पाहिली,
आणि पाकिटं मोजायला लागला.

पुसात तारा नेहारे गेली.
रात्री जेवली, भांडी घासली,
पहाटे उठली नाही.
तेराव्याला सुनेनं तिची डबी आणून दिली.
आत तीन पाकिटं, एक ब्लेड,
आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी.
"सासू अर्धी घे," सून म्हणाली,
"अन् अर्धी मामांजीले दे.
त्याहीले कार्ड काढाले जा म्हटलं
तर म्हणत, मले काय झालं."

आम्ही कोणीच काही बोललो नाही.
पट्टा बांधताना जिजा दर महिन्याला म्हणायची,
तारामाय, गोळी चालू असून आकडा उतरत काहून नाई?
तारा म्हणायची, मीठ जास्त पडते.

पुढचे दोन मंगळवार सातवं कार्ड थैलीतच राहिलं.
पोरगा सात पाकिटं बांधायचा,
आम्ही सातवं किसनभाऊच्या ओसरीवर ठेवून यायचो.
चिठ्ठीवरचा आकडा जुनाच.
पाप म्हणावं की काय, ते ठरलं नाही.
बेबी म्हणाली, मेल्या माणसाच्या नावानं घेऊ नये.
पंचफुला म्हणाली, मेल्या माणसाच्या नावानं जेवतो ना आपण?

तिसऱ्या खेपेला पाळी माझी होती.
पोरानं कार्ड वर धरलं.
"ह्या तारा नेहारे. बऱ्या आहेत का?"
माझ्या तोंडून हो निघत नव्हतं,
नाहीही निघत नव्हतं.
मागं लाइन खोकत होती.
त्यानं कार्ड खाली ठेवलं, पाकीट दिलं,
आणि हळूच म्हणाला,
"जे खातात ना, त्यांना एकदा घेऊन या."

घेऊन गेलो.
किसनभाऊचं तिकीट पूर्ण पडलं,
ते सहाजणींत वाटून घेतलं.
पट्टा फुगला तसा तो छताकडे पाहत राहिला.
आकडा ऐकून पोरगा दोनदा म्हणाला,
"पूर्ण घ्यायची हं काका. अख्खी."
काकानं मान हलवली.

परवा त्याची सून विहिरीवर भेटली.
म्हणाली, अजून ब्लेड घेऊनच बसते बुढा.
अर्धी तोंडात टाकते,
अन् अर्धी कागदात गुंडाळून
डबीत ठेवून देते.