अकरा उजव्या

डावा टायर आतल्या कडेने संपला होता.
बाहेरून बघितलं तर नक्षी जागच्या जागी,
वाकून हात घातला तेव्हा बोटांना तारा लागल्या.
उजवा अजून सहा महिने चालला असता.

सी.एस.टी. रोडवर, काचवाल्यांची ओळ संपते तिथे
तुफैलचं दुकान: एक जॅक, एक हवेची टाकी,
आणि फुटपाथभर मुरलेलं काळं तेल.
माझी तीनचाकी त्याच्याच चुलत्याने जोडलेली,
मोटरसायकलचं पाठचं धूड, पुढे दोन चाकं,
गियर हातात, कारण डाव्या पायावर माझा भरवसा नाही.

"हात फिरवून बघा," म्हणाला.
इकडून तिकडे: मऊ. तिकडून इकडे: करवत.
"हे चाक सरळ चाललंच नाही, मॅडम.
रोज थोडं घासत, थोडं फरपटत आलंय."

एकच बदल, मी म्हटलं. महिनाअखेर आहे.
"एकच बदलला तर गाडी लंगड..."
आणि जीभ चावली त्याने.
पाना उचलून उगाच दुसरीकडे ठेवला.
मला हसू का आलं, ते पोऱ्याला कळलं नाही.

पलंगाखाली गोणीत अकरा उजव्या चपला आहेत.
जवळजवळ कोऱ्या,
एकीच्या तळाला किमतीचं स्टिकरसुद्धा शाबूत.
डाव्या सगळ्या स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे
टाके घालून घालून मेल्या.
आईने एकही टाकू दिली नाही,
कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणे.
कुणाच्या, ते सांगितलं नाही.

बदल दोन्ही, म्हटलं.

नवे आले, अंगावर रबराचे बारीक केस,
जावळ न काढलेल्या पोरांसारखे.
पण तुफैल टायरवर खूश होणारा नव्हे.
पुडी बांधायची सुती दोरी घेतली,
दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमध्ये ताणली, गाठ मारली,
मग तीच मागच्या कडांमध्ये.
गाठ बोटभर पलीकडे गेली.
"बघा. गुन्हा टायरचा नाहीच."
एक डोळा मिटून रस्त्यावर आडवा झाला,
रॉड पाव आटा फिरवला, परत दोरी, अजून पाव आटा.
रिक्षावाले शिव्या घालत वळसा घेत होते.
शेवटी गाठ जागेवर बसली. कपाळ पुसलं,
कपाळ काळं झालं.
"आता हात सोडून बघा."

अमर महलच्या पुलावर सोडले, एक श्वासभर.
गाडी नाकासमोर गेली.
मग धरले, आणि थेट दुभाजकाकडे!
चार वर्षं तिला डावीकडून ओढून आणत होते
उजव्या खांद्याने, मला नकळत,
आणि खांद्याला कुणी कळवलंच नव्हतं.
घर येईपर्यंत त्याला समजावत राहिले:
सोड. सोड रे.

मागे कॅरियरला बांधलेला जुना उजवा टायर
खड्ड्याखड्ड्याला उडत होता.
गोणीत काही तो मावायचा नाही.