मागची हवा

वूस्टर, ओहायो. गॅरेजचं शटर अर्ध्यावर.
वर्ल हॉस्टेटलर, वय एकोणऐंशी, चष्मा कपाळावर,
पिस्टन काढून माझ्या तळहातावर ठेवतो.
"जड आहे," म्हणतो. "आणि आळशी."

गेल्या जत्रेत आमच्या तोफेतला भोपळा
खोकल्यासारखा बाहेर पडला,
चार कुंपणं ओलांडायची तर एकही नाही.
अर्धी हवा कडेकडेनं निसटलेली.
पोरांचं हसू मात्र पूर्ण दाबानं.

वर्ल सांगतो, पिस्टनला ढकलायचं नसतं.
टाकीतली हवा दाराशी ताटकळतच असते.
तो अडून बसतो
पाठीशी कोंडलेल्या हवेच्या जिवावर.
तीच काढून घे. झटक्यात.
हळू काढलीस तर तोही हळूहळू उठेल,
पान वाढून झाल्यावरही गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि तोवर सगळं निवलेलं.

म्हणून लॉनच्या पाण्याचा चिंचोळा व्हॉल्व्ह काढला,
रुंद बसवला.
नायलॉनचा पिस्टन लेथवर पोखरला,
मागची रिकामी जागा लाकडाच्या ठोकळ्यानं बुजवली.
जागाच कमी, तर रेंगाळेल कोण?

ओ-रिंग मी बसवली.
इचलकरंजीत अण्णा मागाच्या धोट्यावरून
अंगठा फिरवायचे डोळे मिटून:
घट्ट नको, सैल नको,
बोटाला कळतं ते पट्टीला कळत नाही.
वर्लला हे इंग्रजीत सांगता येईना.
त्याचं बोट धरून रिंगेवरून फिरवलं.
"हं," म्हणाला तो,
आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवलं.

शनिवार. कापून झालेलं मक्याचं रान.
आसपास कुणी नाही याची त्यानं तीनदा खात्री केली.
मी हँडल फिरवलं.
खोकला नाही. एकच कोरडा ठप्प,
आणि भोपळा आधी केशरी, मग काळा, मग नव्हताच.

मोजत निघालो, त्याची पावलं, त्याचे आकडे.
दोनशे अकरावर गुडघा म्हणाला, बस.
"पुढचं तू मोज."
मी दोनशे बारापासून मराठीत मोजलं.
तीनशेच्या पुढं कुठंतरी चुकले,
परत मागं गेले नाही.
बिया विखुरलेल्या, एक कावळा आधीच हजर.

संध्याकाळी उघडून पाहिलं:
पिस्टन मागं इतक्या जोरात आदळलेला
की टेकूचं रबर फाटलं.
"आता हे," वर्ल म्हणाला,
आणि फळीवरची बरणी खाली घेतली.
तिच्यावर लोरीनच्या तिरप्या अक्षरात
अजून लिहिलेलं आहे:
बारीकसारीक. टाकू नये.