हे स्पष्ट, की हे?

दिवसभर प्रश्न मी विचारते.
जेल रोडच्या दुकानात, गल्ल्यामागच्या काळोख्या खोलीत
गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट ठेवून
एक काच काढते, दुसरी घालते:
हे स्पष्ट, की हे?
आज तुमची पाळी. विचारा.

सायखेड्याच्या बोरस्तेबाई, तुमचं कार्ड सगळ्यात वर होतं.
सुचतं कसं?
बाई, सुचत नाही.
दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं,
नंबर लिहायचे कागद मी पाठीकडून वापरते.
पुढे कुणाचं तरी उणे सव्वादोन,
मागे मेघदुर्गाचा वेढा.
एकदा चुकून वेढाच हातात दिला एका सांगळ्यांच्या.
आठवड्यानं परत आले. चष्म्याचं अक्षर काढलं नाही,
म्हणाले, पूर्वेचा दरवाजा उघडा का ठेवलात?
माझ्या ध्यानातच नव्हतं.
त्या रविवारी शत्रू तिथूनच आत आला.

सेनापती उग्रसेतू का मेला, हे बावीस जणांनी विचारलंय.
खरं सांगू?
पुरवणीत गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली.
संपादकांचा फोन: बाराशे शब्दांचे नऊशे करा.
तीनशेत बसेल एवढा तोच होता.
त्याच्या घोड्याला मात्र मी हात लावला नाही.
पुढे विसरले त्याला, खुंटाला बांधलेला तसाच;
तुमच्यातल्या चौघांनी लिहिलंत, अहो, चारा तरी घाला.

नावं? उसनी.
बसच्या पाट्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून.
माणिकचमन हा दुष्ट मांत्रिक नसून द्राक्षाची जात आहे
हे निफाडकरांनी पहिल्याच भागात ओळखलं
आणि रागावले. बागाईतदारांची माफी मागते.
मांत्रिक मात्र आता त्याच नावानं ओ देतो.

आणि ती नदी.
रामकुंडातलं पाणी उपसतात, तेव्हा
पोरं दोरीला लोहचुंबक बांधून चिखलातली नाणी काढतात.
मी पुलावरून बघत उभी होते.
एकाच्या चुंबकाला किल्ली लागली.
उलटसुलट बघून त्यानं ती परत फेकली.
पुढचे चाळीस भाग मी त्या किल्लीचं कुलूप शोधतेय.

आता मिताली पगार, कळवण, इयत्ता आठवी.
तू कात्रणं बेदाण्याच्या खोक्यात ठेवतेस,
म्हणून तुझ्यापुढे लपवायला जागा नाही.
सतराव्या भागात नावाड्याचा डावा डोळा आंधळा,
त्र्याण्णवाव्या भागात उजवा.
हे मुद्दाम आहे का?

मी छापून उत्तर दिलं होतं: मुद्दाम.
ती नदी ओलांडली की डोळे बाजू बदलतात.

थाप होती, मिताली.
रात्रभर पंख्याकडे बघत पडले,
सकाळी ती थाप खरी करायला बसले.
साठ भाग लागले.
लोक म्हणतात, मालिकेतलं तेच सगळ्यात चांगलं.

पण तू विचारलं होतंस ते वेगळं.
समोर बसलेल्याचा डावा डोळा माझ्या उजव्या हाताला येतो.
बावीस वर्षं हे मी मनात उलटं करते, न चुकता.
त्या आठवड्यात समोर कुणी नव्हतं.
आरसा होता, आणि मी माझाच डोळा तपासत होते.
आरशात डावा डावीकडेच राहतो.
तक्त्याची खालची ओळ
होती तिथे काहीतरी करडं, हलणारं, पाण्यासारखं.
मग बसले आणि नावाडी लिहिला.

बाकी पत्रांत एकच प्रश्न आहे, निरनिराळ्या अक्षरांत:
शेवट ठरलाय का?
दोन लिहून ठेवलेत. फ्रेमांच्या खणात आहेत.
एकात नावाडी पलीकडे पोचतो.
दुसऱ्यात तो वल्हं खाली ठेवतो
आणि पलीकडचा काठ त्याच्याकडे यायला लागतो.
एक वाचते, बाजूला ठेवते, दुसरा वाचते.
हल्ली अक्षर मोठं काढते.

हे स्पष्ट,
की हे?

घाई नाही, नीट बघून सांगा.
मजकूर शुक्रवारी जातो,
आणि त्या घोड्याला अजून पाणी पाजायचंय.