ओप

पहिला महिना मी चांदीला हातच लावला नाही.
एदुविखेसबाईंनी दिला पितळेचा एक तुकडा,
काडेपेटीएवढा, कानशीनं ओरबाडलेला,
आणि म्हणाल्या, यात मला तुझं नाक दिसलं पाहिजे.

चारशे नंबरचा काचकागद, सगळा उभा.
मग आठशेचा, सगळा आडवा,
उभी एकही रेघ उरत नाही तोवर.
मग बाराशेचा, पुन्हा उभा.
"मागच्याची रेघ पुढच्यानं खायची, येर्लिस.
एक पायरी गाळलीस
की झिलई चढल्यावर तीच रेघ वर येते.
झिलई काही झाकत नाही. चुगली करते."

मोम्पोसची दुपार. नदी चिखलाच्या रंगाची,
दारोदार रिकाम्या झुलत्या खुर्च्या,
पंखा गरम हवाच इकडची तिकडे सारतो.
माझ्या नखांत काळं, घामाला पितळेचा वास.
आई म्हणते, आधी हात धू, मग ताटाकडे बघ.

बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.
ओरखडा त्या बघत नाहीत,
खालच्या ओठावरून तुकडा फिरवतात,
कॉफी किती गरम आहे ते बघावं तशा.
"इथं," म्हणतात, आणि नखानं खूण करतात.
तिथं तो असतोच.

मग चांदी.
केसाएवढ्या तारेचे मासे,
हलती शेपटी, खवल्याखवल्याला वेगळा पीळ.
डाक लागून काळेठिक्कर झालेले
आम्लातून निघतात पांढरेफटक,
खडूसारखे, मुके.
रिठ्याच्या फेसात पितळी ब्रश,
आणि शेवटी ओपणी: शिंगाची मूठ, पोलादाचं जिभेसारखं टोक.
दाबायची ती फक्त कडेवरून.
आतलं पांढरं पांढरंच राहू द्यायचं.
सगळंच चमकलं तर मासा दिसत नाही,
नुसता उजेड दिसतो.

हे मी ऐकलं.
ऐकलं म्हणजे मान हलवली.

जूनमध्ये बाई डोळा कापून घ्यायला मागांगेला गेल्या
आणि दुकानात मी एकटी.
नेरेइदा पादिय्या आली, गळ्यातला मासा काढून ठेवला.
रविवारी भाचीचं लग्न आहे, जरा उजळून दे.

मी मोटर लावली, नमद्याचं चाक, लाल पॉलिश.
शेपटीच्या कडेला दोन खळगे होते,
शितापेक्षा लहान, शेजारी शेजारी.
मला वाटलं, कुणाच्या तरी हातून पडलाय.
कड उतरवत नेली,
चारशे, आठशे, बाराशे, एक पायरी गाळली नाही,
ओठावरून फिरवून पाहिला:
काही लागलं नाही. पाणी लागावं तसं.
इतकं चांगलं काम माझ्या हातून तोवर झालं नव्हतं.

नेरेइदानं उलटा केला, सुलटा केला,
उजेडात नेला.
"हा माझा नाही."
मी म्हटलं, तुमचाच आहे.
"माझ्या माशाला दात लागले होते.
विल्मानचे. वरचे दोन, तेवढेच आले होते तेव्हा."

विल्मान आता कुठं आहे ते ती बोलली नाही.
गावात तिला ते कुणी विचारत नाही.
पैसे मात्र मोजून दिले, ठरलेले सगळे,
आणि मासा गळ्यात न घालता
रुमालात बांधून नेला.

बाई परतल्या, एका डोळ्यावर पट्टी.
कसं झालं काम?
एकही रेघ राहिली नव्हती, मी म्हणाले,
आणि मग उरलेलं सांगितलं.
त्यांनी ओपणी उचलली, फडक्यानं पुसली,
जागेवर ठेवली. पुन्हा उचलून पुसली.

संध्याकाळी हात धुवायचे ते घमेल्यात,
हा इथला नियम. पाणी फेकायचं नाही.
बोटांवरची, एप्रनवरची, काचकागदावरची चांदी
रात्रभर तळाशी बसते, राखाडी गाळ,
आणि शनिवारी ती वितळवून पुन्हा तार ओढतात.

आज शुक्रवार.
घमेलं माझ्या पुढ्यात आहे.
गाळात बोट घालून बघितलं,
सगळा एकसारखा मऊ लागतो.