लागल्यास

डॉक्टर तोष्णीवाल गुरुवारी लातूरहून येतात,
उदगीरचा रस्ता खोदलेला म्हणून उशिरा,
आणि उभ्याउभ्याच लिहितात:
पाव मिलिग्रॅम, रात्री, लागल्यास.

लागल्यास.
मराठीत काय काय लागतं माणसाला.
तहान लागते, ठेच लागते,
उन्हाळी लागते, सुनेचं बोलणं लागतं,
आणि डोळा तेवढा लागता लागत नाही.
कागदावर यातलं काही नाही.
कागदावर गोळी.

सव्वीस खाटा. रात्री मी एकटी,
अयोध्या बाळंतपणाला गेलेली.
वरचे पत्रे गार पडताना कडकड वाजतात,
त्या आवाजानं बारा नंबरची गुरम्मा बिरादार उठते,
खाटेच्या कडेवर बांगडी आपटते:
उच्ची, उच्ची.

मी समजले उचकी.
पाणी पाजलं. पाठ चोळली.
ती अजून जोरात. पुन्हा पाणी.
तिसऱ्या तांब्याला तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला
आणि मी कपाट उघडलं.

रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
माझं अक्षर बरं आहे.
बेचैन.
दुसऱ्या रात्री बेचैन.
मग नुसत्या दोन रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे.
अकरा रात्री.
सकाळी ती अकराला उठायची,
भाकरीचा घास गालात तसाच, गिळायचं विसरून.
मंगळवारी न्हाणीच्या उंबऱ्यात पडली.
कपाळाला लागलं.
हेही लागणंच.

वॉचमन मौलाली सोळा वर्षं बिदरच्या हॉटेलात होता.
टाके घालून आणलं त्या रात्री दारात उभा राहिला,
म्हणाला, सिस्टर, म्हातारीला मुतायला जायचंय हो,
कवापासून सांगायलीय.

मला आधी हसू आलं.
मग त्या रिकाम्या तांब्याकडं बघवेना.

गोळी वाईट, असं मी म्हणणार नाही.
एकोणीस नंबरच्या दिगंबर तत्तापुरेंना
रात्री कडब्याची गंज पेटलेली दिसते.
दिवा लावला, खिडकी उघडून अंगण दाखवलं,
त्यांच्या देवणी बैलाचं नाव घेतलं,
तरी ते काच फोडून हात बाहेर घालत होते, बैल सोडवायला.
तेव्हा दिली. झोपले.
सकाळी उठून म्हणाले, चहात साखर कमीय.
त्या रकान्यात मी सात ओळी लिहिल्या,
बैलाच्या नावासकट.

पण त्या अकरांचं काय?
रात्री दोनला पिंढऱ्या भरून यायच्या,
चौदा नंबर खोकायचा, तेवीस रडायची,
तेव्हा गोळी नेमकी कुणाला लागत होती?
मी मोजून बघितलं.
चार तरी माझ्यासाठी होत्या.
पाचवीचं आठवत नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी पेनचं टोपण दातात धरलं:
चौदा दिवस झाले, पुढं चालू ठेवायची?
मी म्हटलं, बंद करा.
आणि बेडपॅन लिहून द्या,
साडेअकरा, अडीच, पाच.
ते मी लिहायचं नसतं, म्हणाले.
म्हटलं, तुम्ही लिहिलेलंच इथं होतं. लिहा.
लिहिलं. पुढं हाताच्या सवयीनं: लागल्यास.
खोडायला गेले तर म्हटलं, राहू द्या.

काल अडीचला उरकल्यावर
गुरम्मानं माझं मनगट धरलं, चावलेलंच,
आणि कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक बोलली.
कारणाच्या रकान्यात मी ऐकलं तसं उतरवलं,
अक्षर जुळवत, रेघेबाहेर जाऊन.

सकाळी मौलालीनं वाचलं,
हसला,
आणि चहाचा गिलास घेऊन गेटकडं निघून गेला.
काय ते सांगितलं नाही.