माकडाचं मडकं

कुचिंगला, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत
बाबांनी घटपर्णी आणून ठेवली
रंगाच्या रिकाम्या डब्यात.
सेरियानच्या पुढे नवा रस्ता होतोय;
पोकलेन पोचायच्या आत, म्हणाले, एवढी एकच उचलली.
तीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवलेला माणूस.
उचललेल्या बाकीच्या गोष्टींबद्दल
तो बोलत नाही.

"पेरिऊक केरा," शेजारच्या वून बाईंना सांगितलं,
"माकडाचं मडकं."
सुगीच्या सणाला त्यांची आई
असल्या मडक्यांत तांदूळ नि नारळाचं दूध भरून वाफवायची.
एकेक मडकं दोन घासांचं.
मडकं सोलून टाकायचं, भात खायचा,
अजून मागितला तर हातावर चापट.

मग सुरू झाली सरबराई.
काळी माती, कोंबडीखत, मासे धुतलेलं पाणी,
वर चिमूटभर सुकी कोळंबी,
रुसलेल्या व्याह्याला आग्रह करावा तसं.
वेल फोफावली. पानं हातभर.
पानाच्या टोकाला सुतळीएवढा तंतू,
तंतूच्या टोकाला तांदळाएवढी कळी,
आणि ती तिथेच काळी पडायची.
वर्षभरात मडकं एक नाही.

वून बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या,
पोट भरलेलं असताना
भांडं कोण घडवत बसेल?

अति तिथे माती.
इथे तर खरोखरच माती.

जूनमध्ये बाबांचा पाय चिघळला. साखर.
हॉस्पिटलात भात वाटीने मोजून, तोही अर्धा.
इकडे बाईंनी मुळं धुतली,
शेवाळ, नारळाच्या शेंड्या, बादलीत धरलेलं पावसाचं पाणी.
बाकी काही नाही.
अगदी काही नाही.

सप्टेंबरात ते घरी आले, दोन बोटं कमी होऊन,
तर डब्याच्या काठाशी सात मडकी,
हिरवी, लाल ठिपक्यांची,
तोंड वासलेल्या बेडकांसारखी.
एकाचं झाकण अजून मिटलेलं.
ते त्यांनी कानाशी धरून हळूच हलवलं
आणि मला ऐकवलं :
आत पाणी.
उघडायच्या आधीच. पाऊस नंतरचा.

रात्री मी टॉर्च मारला बाकीच्यांत.
तळाला मुंग्यांचा काळा गाळ, कुजलेलं पान,
आणि त्याच जिरवणाऱ्या रसात
डासांच्या अळ्या, मजेत वळवळणाऱ्या.
मी म्हटलं, ओतून टाकू या. डेंग्यू आहे,
नगरपालिकेचा माणूस दंड करेल.

बाबांनी मडक्यावर तळहात ठेवला.
"राहू दे. भाडेकरू आहेत."

मग आत गेले,
अर्धी वाटी भात घेऊन
गॅलरीकडे पाठ करून जेवले.
वाटी मात्र
बराच वेळ बोटाने पुसत बसले.